काय विकलं आणि का विकलं: पाच दिवसांची फिरती

सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४. पुणे

मामा सकाळी साडेआठलाच दारात हजर. ३४ वर्षं तलाठी म्हणून नोकरी केलेला माणूस, निवृत्तीनंतरही वेळ चुकवत नाही. मी त्यांना मुद्दाम बरोबर घेतलं होतं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, गरिबीवरचे आकडे फळ्यावर लिहिते, पण सातबारा हातात घेऊन त्यातून घराची कहाणी वाचणं मला जमत नाही. ते मामांना जमतं.

काम छोटंच आहे. कोरडवाहू भागातली घरं गरिबीत का घसरतात आणि कुठल्या योजनेनं ती सावरतात, यावर आमच्या विभागाला अहवाल करायचा आहे. त्यासाठी मी ६२ प्रश्नांची प्रश्नावली छापून घेतली होती. पिशवीत शंभर प्रती.

निघण्याआधी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात दोन तास बसलो. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली देशातल्या गरिबीचा हिशोब मांडला, तो याच आवारातून. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही त्यांची किमान रेषा. तिच्याखाली ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के माणसं. ही रेषा लोकांना माहीत असते. तिच्यापुढे त्यांनी काय सुचवलं ते मात्र विसरलं जातं: ज्याला काम हवं त्याला सार्वजनिक कामांवर मजुरी द्या, आणि तिचा भार सुस्थितीतल्या लोकांनी उचलावा. मी ते पान पुन्हा वाचलं. पन्नास वर्षांनंतरही त्यातलं एकही वाक्य शिळं वाटलं नाही.

दुपारी पिंपळे सौदागर. आज तिथे टॉवर आहेत आणि संध्याकाळी आयटीवाल्यांच्या गाड्यांची रांग असते. शंभर वर्षांपूर्वी हे नदीकाठचं शेतकरी खेडं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी ते घर अन् घर पाहिलं, शेतं मोजली, कर्जं विचारली आणि १९१७ साली छापलं. त्यातला एक आकडा मी दरवर्षी मुलांना सांगते. १७७१ साली गावात सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. मुलं लिहून घेतात आणि विसरतात. मामांना सांगितला तर ते जागच्या जागी थांबले. म्हणाले, "वाटणीचे फेरफार मी स्वतः किती घातले असतील! दोन भाऊ भांडत यायचे. मी नोंद करायचो. एकेका नोंदीनं शेत निम्मं व्हायचं आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही."

मंगळवार, ६ फेब्रुवारी. सुपे

सोलापूर रस्त्यानं चौफुल्यापर्यंत आणि तिथून उजवीकडे आत. बारामती तालुक्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस येतो, पण हा त्याचा जिरायती पट्टा. ऑक्टोबरअखेर सरकारनं दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत बारामती आहे, ते इथे आल्यावर पटतं. ज्वारी गुडघ्याच्या वर गेलेली नव्हती.

सुप्याला येण्याचं माझं कारण वेगळं होतं. १२ मे १८७५ रोजी बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांनी इथेच सावकारांकडे त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यामागची साखळी लांबवर जाते. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, उसनवारी आखडली. नेमका त्याच सुमारास जमिनीचा सारा वाढवला गेला. रोख्याची मुदत तीन वर्षांची असावी असा कायदा १८५९ साली शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून झाला होता. सावकारानं त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायचा. व्याजाचं मुद्दल व्हायचं आणि अंगठा तोच. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा कायदा आला. कर्जापायी तुरुंग बंद झाला आणि रोख्याच्या मागे जाऊन खरा व्यवहार तपासण्याची मुभा कोर्टाला मिळाली. गरिबीची कारणं सरकारनं कागदावर विचारली, त्याला आता दीडशे वर्षं होत आली.

गावाबाहेरच्या एका वस्तीवर प्रश्नावली उघडली. तीन एकरांचं घर, सून शिकलेली, सासरे ओसरीवर. "वार्षिक उत्पन्न किती?" असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सासऱ्यांनी एक आकडा सांगितला, सुनेनं दुसरा. खोटं कोणीच बोलत नव्हतं. ज्या घरात पैसा कांद्याच्या पट्टीतून, दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून आणि रोजंदारीतून येतो आणि हाती पडण्याआधीच वाटला जातो, तिथे वर्षाची बेरीज कोणी केलेलीच नसते.

मामा इतका वेळ गप्प होते. त्यांनी सहज विचारलं, "आबा, गेल्या दहा वर्षांत घरातलं काय काय विकलं?"

आबा लगेच बोलू लागले. वर्ष, महिना, कोणी घेतलं, किती आले, सगळं तोंडपाठ. २०१६ ला खिलार बैलांची जोडी. त्यानंतर दोन वर्षांनी सुनेच्या बाळंतपणात गाठ निघाली तेव्हा अर्धा एकर. टाळेबंदीत दुभती गाय. सून मध्येच म्हणाली, "माझं डोरलं विकलेलं नाही, ते सोनेतारणाला आहे." विकणं आणि तारण ठेवणं यातला फरक तिला फार महत्त्वाचा होता.

रात्री बारामतीत खोलीवर बसून मी ६२ प्रश्नांतले ४० खोडले. वर पहिल्या ओळीत लिहिलं: काय विकलं आणि का विकलं?

बुधवार, ७ फेब्रुवारी. शिरापूर, तालुका मोहोळ

इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ आणि मग आत. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावाचं नाव जगभरच्या अर्थतज्ज्ञांना ठाऊक आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असेल. १९७५ साली इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं कोरडवाहू भागातली सहा गावं निवडली. त्यांतली चार आपली: सोलापूरची शिरापूर आणि कालमण, अकोल्याची कानझारा आणि किनखेडा. प्रत्येक गावात ४० घरं घेतली, दहा भूमिहीन आणि बाकीची लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. शिकलेला तरुण गावातच राहायला ठेवला आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरांत जाऊन काय पेरलं, काय खाल्लं, कोणाकडून उसनं घेतलं, किती दिवस मजुरी मिळाली ते लिहून काढलं. दहा वर्षं सलग. पुढे २००१ पासून पुन्हा.

या वह्यांतून जे निघालं त्यानं गरिबीचा विचार बदलला. अडचणीत शेजारीपाजारी आणि नातेवाईक एकमेकांना बरंच सावरतात, हे आकड्यांत पहिल्यांदा नीट दिसलं. पण भूमिहीन घरं त्या सावरण्यात मागे राहतात, हेही दिसलं. याच वह्यांवरून रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन या अर्थतज्ज्ञांनी १९९३ साली बैलांबद्दल जे दाखवलं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पीक बुडालं की शेतकरी बैल विकतो, म्हणजे बैल ही त्याची बँक असते. पण बैल गेला की पुढच्या वर्षी पेरणी वेळेवर होत नाही, म्हणून पुढचं वर्षही पडतं. वाईट वर्ष येऊन निघून जात नाही, ते पुढच्या वर्षांची कमाई घेऊन जातं.

शिरापूरची जमीन खोल काळी. पावसाळ्यात पडीक ठेवायची आणि ओल धरून रब्बीची ज्वारी घ्यायची, अशी इथली जुनी रीत. आम्ही गेलो तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती आणि पलीकडच्या बागायती शिवारात ऊस उभा होता. एका बांधावर सत्तरीच्या बाई कणसं खुडत होत्या. मी पाठ झालेला प्रश्न विचारला.

"विकायला असावं लागतं, ताई," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. कणसाच्या देठाशी नख लावायचं, मोडायचं, ओटीत टाकायचं. ओटी भरली की चवाळ्यावर रिकामी करायची. "आमचं काय व्हतं? शेळ्या व्हत्या. धा व्हत्या. त्या एकेक करून गेल्या. पोराला कावीळ झाली, दोन गेल्या. घराचं पत्रं उडालं, एक गेली. धाव्वी गेली तवा मी रडले न्हाई, नवरा गेला तवाच रडून झालं व्हतं."

त्यांच्या घरी वीज आहे, गॅस आहे, शौचालय आहे, बँकेत खातं आहे. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मापात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानाचे मिळून १२ निर्देशक असतात. त्या मापानं महाराष्ट्रातलं गरिबीचं प्रमाण २०१५-१६ मधल्या १४.८० टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आलं. ही घट खरी आहे आणि मला तिचा आनंद आहे. चुलीच्या धुरातून सुटलेल्या बाईला तो आकडा काय हे कोणी सांगायला नको. पण त्या १२ रकान्यांत कर्जाचा रकाना नाही आणि विकलेल्या शेळ्यांचाही नाही. या बाई त्या मापात गरीब मोजल्या जाणार नाहीत. पुढच्या आजारपणाला त्यांच्याकडे मोडायला काहीच उरलेलं नाही, हे कुठे लिहायचं?

एक गोष्ट उलट बाजूचीही सांगायला हवी. एन. एस. जोधा हेही इक्रिसॅटमधलेच अर्थतज्ज्ञ. राजस्थानातल्या गावांत त्यांना असं आढळलं की ज्यांचं उत्पन्न आकड्यांत घटलं होतं, तीच माणसं आपली स्थिती सुधारली असं सांगत होती. कारण आता सालगडी म्हणून राहावं लागत नव्हतं, धान्यासाठी मालकाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. बाईंना मी त्याबद्दल विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा हात थांबला. "ते खरं हाय. आता कुणाच्या वाड्यावर जाऊन हात पसरावा लागत न्हाई. रेशन मिळतं."

गुरुवार, ८ फेब्रुवारी. ऊसतोडीचा तळ

पहाटे साडेचारला एका कारखान्याजवळच्या तळावर. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, चुली पेटलेल्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. बीडकडची माणसं, दसऱ्याच्या सुमारास आलेली. इथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता.

उचलीचा हिशोब एका तरुण जोडप्यानं समजावून सांगितला. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची. ती घरबांधणीत, लग्नात, नाहीतर आधीच्या दवाखान्यात गेलेली असते. मग टनाच्या भावानं तोडून ती फेडायची. आजारी पडून कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो. हंगाम संपताना बाकी राहिली तर ती पुढच्या वर्षी. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून येतात तेवढेच रोजचे रोख पैसे. नुकतीच जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, त्याचा त्यांना आनंद होता. पण बाईचा प्रश्न दुसराच होता. "दर वाढला की उचल पण मोठी देत्यात. मग बाकी बी मोठीच ऱ्हाती ना?"

मला सुपे आठवलं, दर तीन वर्षांनी नवा होणारा रोखा आठवला.

पाळीच्या दिवसांत पडणाऱ्या खाड्याच्या धाकापायी आणि इतर कारणांनी बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली गेली, ते २०१९ साली राज्यभर गाजलं. सरकारी समितीनं ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. हा आकडा मी अनेकदा वाचला आहे. तळावर एका बाईनं तो न विचारता सांगितला, आकड्यात नाही, पदर बाजूला करून पोटावरचा व्रण दाखवून. वय ३१. मी वही मिटून ठेवली. थोडा वेळ आम्ही दोघी चुलीपाशी नुसत्या बसून होतो.

त्या बाईंचा नऊ वर्षांचा मुलगा गावी आजीजवळ, शाळा न बुडवता राहिला आहे. धाकटी बरोबर आहे, ती कोपीत झोपलेली होती. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं चालवण्याची योजना आहे आणि जिथे ती वेळेवर सुरू होतात तिथे मुलं मागे राहतात. यांच्या गावात ती सुरू झाली तेव्हा ट्रॅक्टर निघून आठवडा झाला होता. धाकटी त्या आठवड्यामुळे इथे आहे. योजना कागदावर चांगली असते आणि आठवडाभर उशिरा आल्यानं वाया जाते, हे मी आजवर कधीच इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

पुढचा प्रवास पंढरपूर, सांगोला, कवठेमहांकाळ. मामा वाटेत फारसं बोलले नाहीत.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी. तासगाव तालुका

शेवटचा दिवस रोजगार हमीसाठी ठेवला होता. ही कल्पना मुळात इथली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात प्रयोग करून पाहिला, तिथल्या विसापूर गावाचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणं, नाला बांध, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. मामा तेव्हा १४ वर्षांचे. "आई खडी फोडायची. मी तिच्या डोक्यावर ओलं फडकं टाकायचो. सुकडी मिळायची. आमचे बैल त्या वर्षी विकावे लागले नाहीत, चारा छावणीवर आणि आईच्या मजुरीवर निघालं वर्ष." मामांना मी आयुष्यभर ओळखते, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

पुढे राज्यानं रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशाचा कायदा यायला २००५ साल उजाडावं लागलं. महाराष्ट्रानं पैसा उभा केला तो व्यवसाय करातून. शहरातल्या पगारदारानं दरमहा थोडं द्यायचं आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला मागेल तेव्हा काम. माझ्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. इतकी वर्षं मी ती ओळ वाचलीच नव्हती.

एका गावात बांधबंदिस्तीचं काम चालू होतं. २०२३-२४ ची मजुरी दिवसाला २७३ रुपये, तीही मोजमाप पूर्ण भरलं तर. हजेरीचा फोटो मोबाइलवर दिवसातून दोनदा. रेंज नव्हती म्हणून रोजगार सेवक टेकाडावर चढून उभा होता. जानेवारीपासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. एका विधवा बाईचं जॉब कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक, म्हणून त्यांची डिसेंबरची मजुरी अडकलेली. कायद्यानं हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळायला हवी, त्यापुढे दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. हजार रुपये अडकले तर दिवसाला पन्नास पैसे.

त्या बाईंनी या दोन महिन्यांत काय केलं? फायनान्सचा हप्ता चुकू नये म्हणून शेळी विकली.

हे ऐकून मी खूप चिडले, अजूनही चिडलेली आहे. हमी या शब्दाचा सगळा अर्थ वेळेत आहे. मजुरी शेळी विकण्याआधी आली तर ती गरिबी रोखते, नंतर आली तर नुसती मजुरी. इक्रिसॅटच्या वह्या, दांडेकर-रथांचं पान, मामांच्या आईची खडी, सगळं हेच सांगतं. अहवालात मी नवी योजना सुचवणार नाही. मजुरी, वसतिगृह, दवाखान्याची मदत किती दिवसांनी पोचली आणि तोवर घरातून काय गेलं, एवढे दोन रकाने प्रत्येक योजनेच्या हिशोबात घाला, एवढंच मागणार आहे.

तिथेच कळलं की बाई या वेळी काम मागायला तोंडी सांगून आल्या होत्या. मामा म्हणाले, "तोंडी नको. नमुना चारचा अर्ज भरा आणि पावती घ्या. पावतीवरच्या तारखेपासून पंधरा दिवस मोजतात. त्यात काम दिलं नाही तर भत्ता द्यावा लागतो." ग्रामपंचायतीत आम्ही तिघं गेलो. अर्ज मामांनी भरला, त्यांचं अक्षर अजून तलाठ्याचंच आहे, वळणदार आणि सरळ रेषेत. नावाचं ते एक अक्षर त्यांनी आधारवर पाहून दोनदा तपासलं. रोजगार सेवकानं पावती फाडली आणि पुढे सरकवली.

"तारीख घाला," मामा म्हणाले.

त्यानं घातली. ०९/०२/२०२४. बाईंनी ती मला वाचून दाखवायला सांगितली, मग स्वतः बोटं मोडत मोजलं. "म्हणजे चोवीसला," त्या म्हणाल्या, आणि पावती चौपदरी घडी करून रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.